हळदीकुंकवाची दरड

बाबा, तुम्ही मला पहिल्यांदा दरडीकडे नेलं तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पहिलं वर्ष पास झाल्यावर तुम्ही घेऊन दिलेला कॅमेरा माझ्या गळ्यात होता. वर्धेच्या एका स्टुडिओवाल्यानं नवा घेतला म्हणून जुना विकायला काढला होता, आणि तो तुम्ही तुमच्या जुन्या खाकी शर्टात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून आणला होता. आईनं शर्ट उलगडला आणि म्हणाली, "मशीन आणतो म्हनले होते ना तुमी?" शिलाई मशीनचं तुम्ही तिला खरंच कबूल केलं होतं. "ते पुढच्या साली," तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे पाहिलंत. तुम्ही हिंगणीजवळच्या धरणामागच्या जंगलात वनरक्षक होतात, आठवड्यातले सहा दिवस तिकडेच, आणि सातव्या दिवशी पिपरी मेघेच्या आपल्या दोन खोल्यांमध्ये येऊन झोप काढायचात. फोटोबद्दल तुम्हाला काही माहीत नव्हतं. मी कॉलेजच्या सहलीत एकाचा कॅमेरा मागून दगडांचे फोटो काढले होते आणि ते घरी दाखवताना फार बोलले होते. तेवढं तुम्ही ऐकून ठेवलं होतं.

थंडीचे दिवस होते. हिंगणीला बसमधून उतरलो, तिथून तुमच्या सायकलवर डबलसीट. जंगलाच्या तोंडाशी काका वाट पाहत होते. काका म्हणजे तुमच्या बीटवरचे, तुमच्याकडे राखणीला असलेल्या जंगलपट्ट्यावरचे, वनमजूर, जंगलाच्या कडेच्या गावातले, तुमच्यासोबत पंधरा वर्षं फिरलेले. त्यांच्या हातात काठी आणि खांद्यावर पंचा. तुम्ही सायकल झाडाला टेकवली आणि मला म्हणालात, "इथून पुढं बोलाचं नाई. बोलाचं असन तं हळू." मग नाल्याच्या पात्रातून आपण तिघं चालत राहिलो. पायाखाली कोरडे गोटे, मध्येच एखादं डबकं, डबक्यात सागाची पानं. मी एका ओल्या, हिरव्या दगडावर पाय ठेवणार तेवढ्यात तुम्ही मागून दंड धरला. "त्याच्यावर नको. ते शेवाळ एकदा निंगालं का दोन पावसाळे येत नाई." त्या दिवशी मला वाटलं, हे काय, शेवाळाचासुद्धा हिशोब!

आणि मग वळण आलं आणि दरड दिसली. अजूनही मी ती आठवते तेव्हा आधी तुमची पाठ दिसते, तुम्ही बाजूला सरता, आणि तिथून ती दिसते. वर काळा पाषाण, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा गोल गोल सुटत चाललेला. त्याखाली कमरेएवढ्या जाडीचा लालभडक थर, विटेपेक्षा गडद. त्याच्याही खाली पिवळा, झिजलेला, ठिसूळ खडक, आणि त्यात सगळीकडे भोकं. भोकांना आतून हिरवी साय धरलेली आणि सायीवर पांढरे स्फटिक. गावातल्या बाया तिला हळदीकुंकवाची दरड म्हणायच्या, असं काकांनी सांगितलं. लाल थरात वीतभर अंतरावर बिळं होती. "वेडा राघू," तुम्ही म्हणालात. "उन्हाळ्यात इथं पिल्लं काढतेत. तवा मी पन इथं येत नाई, तिकून वरच्या बाजूनं जातो."

लाल थर कशाचा आहे ते तुम्ही मला विचारलंत. "मले नाई मालूम. तू शिकून राह्यली ना, तूच सांग." मी सांगितलं की खाली एक लाव्हा आला, थंड झाला, त्याच्यावर हजारो वर्षांत माती तयार झाली, मग वरून दुसरा लाव्हा आला आणि त्यानं ती माती भाजून काढली. तुम्ही बराच वेळ त्या थराकडे पाहत राहिलात. "म्हंजे ही जळालेली माती हाय." मी हो म्हटलं. "किती वर्स झाले असन?" सहा-साडेसहा कोटी, मी सांगितलं. तुम्ही काकांकडे वळलात आणि म्हणालात, "ऐकलं का? अन् आपून मनतो, बीट आपली हाय." काका तोंडावर पंचा धरून हसले.

दरडीचं तोंड पूर्वेला होतं, पण समोरची झाडं उंच, त्यामुळे ऊन यायला वेळ लागला. आपण बसून राहिलो. मला राहवेना. खडक धुळीनं मळकट दिसत होता आणि मला माहीत होतं की पाणी मारलं की रंग उठून येतो. सहलीत सगळ्यांनी तेच केलं होतं. मी बाटली उघडली. तुम्ही म्हणालात, "पानी कायले?"

"रंग चांगला येते, बाबा."

"आत्ता जो हाय तो खोटा हाय काय?"

मी बाटली बंद केली. मग एका फ्रेममध्ये आडवी येणारी वाळकी वेल मी हातानं बाजूला करायला गेले, तेही तुम्ही करू दिलं नाही. दरडीपासून दहा पावलांच्या आत जायचं नाही, कारण वरचा पाषाण कधी सुटेल त्याचा नेम नाही. काही उचलायचं नाही, खाली पडलेला स्फटिकसुद्धा नाही. हे सगळं तुम्ही रागावून सांगत नव्हता, शेतात वाट दाखवताना सांगावं तसं सांगत होता. आणि निघताना, सायकलपाशी आल्यावर, शेवटचं सांगितलंत. "फोटो कोनाले दाखवाचा असन तं दाखव. कुठं हाय ते सांगाचं नाई." मी मान डोलावली. मला स्वच्छ आठवतं, बाबा. मी ते ऐकलं नव्हतं किंवा विसरले होते असं म्हणायला मला जागाच नाही.

छत्तीस फोटोंच्या रोलमधला एक फोटो फार चांगला आला. ऊन झाडांमधून तिरकं येऊन फक्त लाल थरावर पडलं होतं. स्टुडिओवाल्यानं तो मोठा करून दिला आणि स्वतःच म्हणाला की पेपरच्या रविवारच्या पुरवणीला पाठवा. मी पाठवला. महिन्याभरानं उत्तर आलं: फोटो निवडला आहे, दोनशे शब्दांत माहिती लिहून पाठवा, आणि सोबत 'कसे जाल' अशी चौकट असते, तीही भरून पाठवा. मी माहिती लिहिली, लाव्हा लिहिला, जळालेली माती लिहिली. मग चौकटीपाशी आले. मी थोडा वेळ थांबले होते, हे खरं. पण आयुष्यभर परीक्षा दिलेल्या मुलीला उत्तर येत असताना रिकामी जागा सोडता येत नाही. मी लिहिलं: वर्धेहून हिंगणी, धरणाच्या मागच्या अंगाला असा असा नाला, पात्रातून चालत अमुक अंतर, तिसऱ्या वळणावर. अगदी नीट लिहिलं. कुणीही पोचेल असं.

तो रविवार. तुम्ही घरी आहात, आई विहारात वंदनेला गेली आहे, स्टोव्हवर मी चहा ठेवला आहे. मी पुरवणी तुमच्या हातात देते. तुम्ही फोटो पाहता. खाली माझं नाव आहे, तुमच्या नावासकट. तुम्ही त्या नावावरून अंगठा फिरवता, आणि मला इतका आनंद होतो की मी चहा उतू घालवते. मग तुम्ही वाचायला लागता. तुम्ही सावकाश वाचायचात, ओठ हलवत. मी कपात चहा गाळते आणि तुमचे ओठ थांबलेले मला दिसतात.

"हे कोनं लिवलं?"

"मीच."

"रस्ता काऊन सांगितला?"

"त्यांनी विचारलं होतं, बाबा. चौकट होती."

"अन् मी काय सांगितलं होतं?"

बस, एवढंच. तुमचा आवाज चढला नाही. तुम्ही पेपराची नीट घडी घातलीत, शेल्फावर ठेवलात, बूट चढवलेत आणि निघालात. तुमची रजा संध्याकाळपर्यंत होती. चहा तसाच राहिला. आई आल्यावर तिनं विचारलं, "कुठं गेले?" मी सांगितलं की जंगलात काहीतरी काम निघालं.

पहिले काही दिवस कुटुंबं आली. डबे घेऊन, पोरंबाळं घेऊन. तुम्ही आणि काका नाल्याच्या तोंडाशी उभे राहून सांगायचात की इथून आत बंद आहे. पण नाल्याला काही एकच तोंड नव्हतं. मग कुणीतरी पिवळ्या खडकावर निळ्या ऑइलपेंटनं दोन नावं लिहिली आणि बदाम काढला. मग होळीच्या सुमारास ती माणसं आली, ज्यांना फोटोत खालच्या सावलीतले स्फटिक दिसले होते. ती छिन्नी-हातोडे आणि पोती घेऊन यायची, पहाटे यायची, आणि खालच्या ठिसूळ थरातून स्फटिकांचे गड्डेच्या गड्डे उपसायची. तो थर पोखरला की वरचा लाल थर लोंबतो, आणि लाल थर सुटला की वरच्या काळ्या पाषाणाला आधार नाही. मला हे पुस्तकातून माहीत होतं. तुम्हाला आणि काकांना नुसतं पाहून माहीत होतं.

एका सकाळी काकांना ठोके ऐकू आले. तुम्ही त्या दिवशी बीटच्या दुसऱ्या टोकाला होतात. काका एकटेच गेले. पाच जण दरडीखाली बसून उपसत होते. काकांनी लांबूनच ओरडून सांगितलं, "अरे निंघा तिथून, वरचं येऊन राह्यलं!" चौघं उठले. पाचव्यानं पोतं सोडलं नाही. काका पुढे गेले, त्याला दंडाला धरून ओढलं, तो सुटला आणि पळाला, आणि पाषाणाचा एक तुकडा काकांच्या डाव्या पायावर आला. त्यांनी ज्याला ओढून काढलं तो मागे वळूनसुद्धा थांबला नाही. तुम्हाला दुपारी कळलं. गावातली माणसं घेऊन, खाटेवर घालून तुम्ही त्यांना नाल्यातून बाहेर काढलंत, ट्रॅक्टरवर टाकलंत, दवाखान्यात पोचवलंत. तिसऱ्या दिवशी घरी आलात तेव्हा तुमच्या शर्टाची बाही वाळलेल्या रक्तानं कडक झाली होती. आईनं विचारलं तेव्हा तुम्ही एवढंच सांगितलंत की काकांचा पाय चिरडला. मग माझ्याकडे न पाहता म्हणालात, "तू येजो उद्या दवाखान्यात."

मी आले. वॉर्डात काका उताणे पडले होते, पाय दोरीनं वर टांगलेला. त्यांची बायको स्टुलावर बसली होती. मी उभी राहिले. काकाच बोलले. "बाई, पेपरातला फोटो पाह्यला मी. मस्त आला." ते मनापासून बोलत होते, हे आणखी वाईट होतं. काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फोटो मस्त आला. अन् आता याईनं चालाचं कसं, ते पन इचार ना तिले." काका म्हणाले, "अवं, पोरगी हाय." काकू म्हणाल्या, "आपल्याले पन पोरी हायेत." तुम्ही खिडकीपाशी उभे होतात. तुम्ही मला वाचवायला एक शब्द बोलला नाहीत, आणि आज मला वाटतं की ते बरोबर होतं.

दुसऱ्या रविवारी तुम्ही मला पुन्हा नाल्यात नेलंत. कॅमेरा आणायला सांगितलंत, रोल तुम्हीच आणला होता. मी नको म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तो फोटो तू तुह्या मनानं काढला. आता हे काढ." एकेक खड्डा, एकेक छिन्नीची खूण, निळा बदाम, पडलेला पाषाण, त्याच्यावरचा काळा पडलेला डाग. मापासाठी तुम्ही तुमचा पेन प्रत्येक ठिकाणी शेजारी ठेवत होता आणि मी काढत होते. एका जागी तुम्ही माझ्या कोपराखाली आपला हात धरलात. लाल थराचा अर्ध्याहून अधिक भाग खाली मातीचा ढीग होऊन पडला होता. वेडे राघू आले होते, त्यांचा मोसम सुरू झाला होता. वाळक्या बांबूवर दोघं बसले होते, एकाच्या चोचीत चतुर, पंखांसकट. तो उडायचा, दरडीपाशी जायचा, जिथे बीळ होतं तिथे हवेत थांबायचा आणि परत येऊन बसायचा. चोचीतला चतुर तसाच. मी कॅमेरा खाली केला. तुम्ही म्हणालात, "हा पन काढ." मी काढला.

मग चौकशी झाली. कर्मचारी जखमी झालेला, राखीव जंगलात खोदकाम झालेलं, आणि पेपरात छापून आलेला रस्ता, तोही बीटवरच्या गार्डच्याच मुलीनं लिहिलेला. चौकशीचे साहेब वाईट नव्हते, बाबा. ऑफिसच्या बाहेर बाकावर मी बसले होते आणि दार उघडं होतं. साहेब तुम्हाला समजावत होते की मुलगी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर आपली आपण गेली, परवानगी न घेता गेली, तुम्हाला काही ठाऊक नव्हतं, असं लिहून द्या. मुलगी आहे, तिला ताकीद देऊन सोडता येईल, तुमची नोकरी पाच-सात वर्षांची राहिली आहे. मी ऐकत होते. खरं सांगते, मला वाटत होतं तुम्ही तसंच लिहावं. मग तुमचा आवाज आला. "साहेब, मीच नेलतं तिले. पास नव्हता काढला. रस्ता मीच दाखवला, तिनं लिवला. जे झालं ते असं झालं." साहेब म्हणाले, "अहो, विचार करा." तुम्ही म्हणालात, "इचार तवा कराले पाह्यजे होता." मग पंख्याच्या आवाजात तुमच्या लिहिण्याचा आवाज आला.

तुमची बदली लाकडाच्या डेपोवर झाली. जंगलात पुन्हा पोस्टिंग मिळालं नाही. ज्या माणसाला पायाखालचं शेवाळ मोडलेलं सहन होत नव्हतं, तो तोडून आणलेल्या सागाच्या ओंडक्यांवर नंबर टाकत राहिला. आता तुम्ही रोज रात्री घरी असायचात. आईला आधी त्याचा आनंद झाला, आणि मग ती काही बोलेनाशी झाली, कारण तुम्ही घरी असूनही ओट्यावर बसून असायचात, आणि हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ द्यायचात. मी बी.एस्सी. पूर्ण केलं, बी.एड. केलं, बोरगाव मेघेच्या एका शाळेत लागले. कॅमेरा आईच्या ट्रंकेत गेला. आपण दोघं बोलायचो, भाजीचं, पाण्याचं, माझ्या पगाराचं, स्थळांचं; त्या विषयाचं मात्र एकदाही नाही. मी माफी मागितली नाही. तुम्ही मागा म्हणाला नाहीत. मला वाटायचं, शब्द उच्चारला तर तुम्हाला पुन्हा ते सगळं ऐकावं लागेल. ही सबब होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

एकदाच, तुमच्या निवृत्तीच्या सुमाराला, मी शाळेतून आले तर तुम्ही अंगणात उन्हात कॅमेरा उघडून बसला होता. भिंग डोळ्यासमोर धरून बघत होता. "बुरशी लागली," तुम्ही म्हणालात. "वापरलं नाई तं लागनच." धोतराच्या जुन्या मऊ तुकड्यानं तुम्ही ते पुसत राहिलात, जमेल तेवढं. मग कॅमेरा ट्रंकेत परत न ठेवता माझ्या टेबलावर ठेवलात, वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी. दीड वर्षानं तुम्ही गेलात. सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला, तोंड वाकडं झालं, आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. काका आले होते, काठीवर. काकूही आल्या होत्या. काकूंनी आईला धरलं होतं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

त्यानंतर मी पुन्हा फोटो काढायला लागले. आधी शाळेची गॅदरिंगं, मग रस्त्याकडेच्या खाणीतले दगड, विहिरी खोदताना निघालेले थर, नाल्यांचे काठ. थोडंफार छापूनही येतं. फोटोखाली जागेचं नाव मी देत नाही. 'विदर्भ' एवढंच लिहिते, फार आग्रह झाला तर 'वर्धा जिल्हा'. संपादक चिडतात. एकानं फोनवर म्हटलं, "मॅडम, वाचकाला जायचं असतं." मी म्हटलं, म्हणूनच. मी पाणी मारत नाही, काही हलवत नाही, मिळेल तो उजेड घेते आणि नाही मिळाला तर परत येते. नवीन मुलं-मुली शिकायला येतात त्यांना हे सगळं सांगते. काऊन, ते मात्र सांगत नाही.

गेल्या डिसेंबरात मी दरडीकडे गेले. रीतसर अर्ज केला, पास काढला, सोबत माणूस पाहिजे म्हणाले तेव्हा काकांचं नाव सुचवलं. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत, पण अजून लोकांना घेऊन जातात. नाल्यातून आम्ही फार हळू चाललो. ते डावा पाय आधी टेकवून बघतात, मग भार देतात. दरड आहे, बाबा. तिसरा हिस्सा असेल. लाल थर एका टोकाला शाबूत आहे, बाकीच्या ठिकाणी वरची माती ओघळून त्याच्यावर गवत आलं आहे. निळा बदाम अजून तसाच आहे. बिळं होती काही, पण मोसम नव्हता, त्यामुळे जुनी की नवी ते सांगता येईना.

आम्ही समोरच्या दगडांवर बसलो. काकांनी विचारलं, "आज कशी काय आली, बाई? इतक्या वर्सानं?"

"बाबांची आठवण आली," मी म्हटलं. "म्हणून आले."

मग मी ज्या दगडावर बसले होते त्याच्यावर त्यांनी काठी टेकवली. "इथंच बसत जाय ते."

मला वाटलं ते जुन्या दिवसांचं बोलत आहेत. पण ते तुमच्या डेपोच्या दिवसांचं बोलत होते. दर रविवारी, पहिल्या बसनं. वर्दी नाही, साधा शर्ट, डबा आणि पाण्याची बाटली. पहिल्या दिवशी तुम्ही काकांच्या दारात जाऊन म्हणालात की आता मी गार्ड नाही, तुम्ही सोडलं तर जातो. काकांचा पाय तेव्हा अजून प्लास्टरमध्येच होता. ते म्हणाले, जा, मले तरी कुठं जाता येते. आणि तुम्ही येऊन त्या दगडावर बसायचात, अंधार पडायच्या बेताला उठायचात. छिन्नी घेऊन लोक आले तर तुम्ही त्यांना अडवत नव्हतात, अडवायचा तुम्हाला अधिकारच नव्हता. नुसते बसून राहायचात. "ते इचारत, तू कोन? तुह्ये बाबा मनत, मी कोनी नाई, बसलो हावो. पन मानूस समोर बसून पाहून राह्यला ना बाई, तं हातोडा उचलाची लाज वाटते. सगळ्याईले नाई, पन वाटते." एकदा कुणी तुम्हाला ढकललं होतं आणि चष्मा फुटला होता. दोन पावसाळे आणि तीन उन्हाळे तुम्ही येत राहिलात. उन्हाळ्यात दगडावर नाही, राघूंसाठी लांब, वरच्या बाजूला.

मला तो चष्मा आठवला. बसच्या दांड्यावर आपटला असं तुम्ही सांगितलं होतं. आणि ते रविवार आठवले, आई वंदनेला निघायची आणि तुम्ही हिंगणीला, जुन्या सोबत्याकडे. आई म्हणायची, "असा कोनता सोबती, दर रविवारी?" तिला वाटायचं पत्ते, किंवा त्याहून वाईट. ती तुमचे शर्ट धुवायला घेताना हुंगून पाहायची. त्यांना नुसता मातीचा वास यायचा, आणि तेवढ्यानं तिचं समाधान व्हायचं नाही.

ती पलीकडच्या खोलीत झोपली आहे. दुपारचे तीन वाजलेत. हे पत्र तिला वाचून दाखवायला हवं, निदान ते रविवार तरी, कारण इतकी वर्षं तिनं तुमच्यावर धरलेला संशय तिचं वय झालं तरी गेलेला नाही. मी चार वेळा सांगायचं ठरवलं. पण ते सांगायचं तर त्या रविवारांचं कारण सांगावं लागतं, आणि आईला आजही एवढंच माहीत आहे की वरिष्ठांशी पटलं नाही म्हणून तुमची बदली झाली. तुम्हीच तिला तसं सांगितलं होतं. तुमचा शब्द मोडायचा की नाही, हे मला ठरवता येत नाही. एकदा मोडला आहे. तेव्हा हे कागद माझ्याच कपाटात राहतील.

काकांना मी जे सांगितलं, ते खरं नव्हतं. एका प्रकाशकाला जिल्ह्यातल्या खडकांवरच्या पुस्तकासाठी मुखपृष्ठ हवं होतं. माझ्याकडच्या एकाही फोटोला तसा लाल रंग नव्हता, आणि त्या रंगाची जागा मला माहीत होती. पास काढताना, बसमध्ये, नाल्यात चालताना माझ्या डोक्यात फक्त ऊन किती वाजता येईल एवढंच होतं. तुमची आठवण आली म्हणून आले हे मी बोलून गेले, कारण म्हाताऱ्या माणसाला ते ऐकून बरं वाटेल, आणि त्यांनी ते खरं मानलं, म्हणून तर त्यांनी मला ते सगळं सांगितलं. मी फोटोसाठी गेले होते, बाबा. तुमची आठवण मला तिथं गेल्यावर आली.